एआयमुळे क्लाउडमधल्या नोकऱ्या जातील का? कोणतं काम घटतंय, कोणतं वाढतंय आणि काय शिकायचं

'क्लाउड शिका, नोकरी पक्की' अशा जाहिराती पुण्या-मुंबईत अनेक वर्षं दिसतात. आता त्याच मोबाइलवर दुसरी रील येते, 'एआय आलं, डेव्हऑप्स संपलं'. यातलं खरं काय? इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांना, क्लासची फी भरण्याआधी विचार करणाऱ्या पालकांना आणि आयटीत पाच-सात वर्षं काढलेल्यांना, सगळ्यांनाच हा प्रश्न पडलाय.

थोडक्यात उत्तर असं: क्लाउडची गरज कमी होत नाहीये, उलट एआयमुळेच ती वाढतेय. मात्र ज्या कामातून नवखी मुलं या क्षेत्रात शिरायची, नेमकं तेच काम एआय करू लागलंय. त्यामुळे क्षेत्र मोठं होतंय आणि दार अरुंद होतंय. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा घडतात, ते समजून घेऊ.

क्लाउड म्हणजे काय आणि तिथे माणसं नेमकं काय करतात?

स्वतःचे सर्व्हर विकत घेण्याऐवजी दुसऱ्याच्या डेटा सेंटरमधले सर्व्हर इंटरनेटवरून भाड्याने वापरायचे, म्हणजे क्लाउड. जेवढं वापराल तेवढं बिल, विजेच्या मीटरसारखं. ॲमेझॉनने २००६ मध्ये एस-थ्री ही साठवणुकीची आणि ईसी-टू ही भाड्याच्या सर्व्हरची सेवा सुरू केली. पुढे मायक्रोसॉफ्टचं अझ्युर आणि गुगल क्लाउड आलं. महाराष्ट्राचा याच्याशी थेट संबंध आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये भारतातली आपली डेटा सेंटर्स पुणे, मुंबई आणि चेन्नईत सुरू केली. ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसचं, म्हणजे एडब्ल्यूएसचं, भारतातलं पहिलं केंद्र २०१६ मध्ये मुंबईत सुरू झालं.

सर्व्हर दुसऱ्याचा असला तरी तो चालवायला माणसं लागतातच. ही कामं ढोबळमानाने अशी विभागलेली आहेत.

• सपोर्ट आणि ऑपरेशन्स: अलर्ट आला की पाहायचं, तिकीट नोंदवायचं, ठरलेल्या पायऱ्या करायच्या, सुटलं नाही तर वरच्या टीमकडे पाठवायचं. यालाच एल-वन आणि एल-टू म्हणतात.
• क्लाउड आणि डेव्हऑप्स इंजिनिअर: सर्व्हर, नेटवर्क आणि डेटाबेस उभे करायचे, त्यासाठी कोड लिहायचा, नवं सॉफ्टवेअर ग्राहकांपर्यंत पोचवणारी साखळी सांभाळायची.
• एसआरई, म्हणजे साइट रिलायबिलिटी इंजिनिअर: सेवा बंद पडू नये आणि पडलीच तर लवकर उभी राहावी, हे पाहायचं.
• सुरक्षा: कोणाला कशाची परवानगी आहे, कोणतं दार उघडं राहिलंय, याच्यावर लक्ष ठेवायचं.
• आर्किटेक्ट: काय, कुठे आणि कशासाठी उभारायचं ते ठरवायचं.
• फिनऑप्स: बिल आटोक्यात ठेवायचं.

याआधीही ऑटोमेशन आलं होतं, मग आता वेगळं काय?

क्लाउड हे क्षेत्रच मुळात ऑटोमेशनमधून जन्माला आलं. पूर्वी सर्व्हर रॅकमध्ये बसवायला, केबल जोडायला माणूस लागायचा. क्लाउडमध्ये ते काम चार क्लिकवर आलं. पुढे क्लिक करणंही मागे पडलं. २०१४ मध्ये टेराफॉर्म आलं आणि शंभर सर्व्हर एका फाइलमधून उभे करता येऊ लागले. त्याच वर्षी गुगलने कुबरनेटिस सर्वांसाठी खुलं केलं. बंद पडलेला प्रोग्राम पुन्हा सुरू करणं आणि गर्दी वाढली की त्याच्या प्रती वाढवणं, ही कामं ते स्वतःच करू लागलं.

प्रत्येक वेळी सिस्टिम ॲडमिनची नोकरी जाणार असं म्हटलं गेलं. प्रत्यक्षात कामाचं स्वरूप बदललं आणि काम वाढलं, कारण सर्व्हर उभारणं स्वस्त झाल्यावर लोकांनी जास्त सर्व्हर उभारले.

या वेळी एक फरक आहे. आतापर्यंत ऑटोमेशनची फाइल माणूस लिहायचा आणि मशीन ती चालवायचं. आता फाइलही मशीन लिहितंय. गिटहब कोपायलट जून २०२२ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं, चॅटजीपीटी त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला आलं. त्यानंतर मोठ्या क्लाउड कंपन्यांनी आपापले एआय मदतनीस आणले: ॲमेझॉनचं क्यू डेव्हलपर, मायक्रोसॉफ्टचं अझ्युर कोपायलट आणि गुगलचं जेमिनाय क्लाउड असिस्ट.

एआय आज कोणती कामं बऱ्यापैकी करतं?

'मुंबई रीजनमध्ये दोन वेब सर्व्हर, समोर एक लोड बॅलन्सर आणि मागे एक डेटाबेस हवाय, डेटाबेस इंटरनेटवरून दिसायला नको.' साध्या भाषेत एवढं सांगितलं की टेराफॉर्मची फाइल मिनिटभरात समोर येते. नवख्या इंजिनिअरला यासाठी आधी अर्धा दिवस लागायचा.

हजारो ओळींच्या लॉगमधून संशयास्पद ओळ शोधणं, चुकीचा संदेश काय सांगतोय ते समजावणं, जुनी बॅश स्क्रिप्ट पायथनमध्ये आणणं, घटनेचा अहवाल लिहिणं, एकसारख्या वीस अलर्टचा एकच अलर्ट करणं, हेही एआयला जमतं. 'डिस्क भरली', 'सर्टिफिकेटची मुदत संपली', 'पासवर्ड रीसेट करा' अशी तिकिटं तर माणसाकडे न येताच सुटू शकतात.

या यादीतली बहुतेक कामं एल-वनची आहेत किंवा पहिल्या दोन वर्षांतल्या इंजिनिअरची. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं महत्त्व कळेल.

मग एआय कुठे अडतं?

तीन घटना पाहू. तिन्ही जाहीर झालेल्या आहेत.

पहिली परवानग्यांची. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेच्या क्लाउडमधून सुमारे १० कोटी अमेरिकी आणि ६० लाख कॅनेडियन लोकांची माहिती चोरीला गेली. फायरवॉलची मांडणी चुकली होती आणि त्या फायरवॉलला गरजेपेक्षा जास्त परवानग्या दिलेल्या होत्या. बँकेला ८ कोटी डॉलर दंड झाला. यात एआयचा काही हात नव्हता. पण आज 'ॲक्सेस डिनाइड' ही अडचण सोडव असं सांगितलं, की एआय बऱ्याचदा परवानगी सरसकट वाढवून देतं. अडचण सुटते आणि दारही उघडं राहतं. कोणाला किती परवानगी असावी हे त्या कंपनीचा कारभार माहीत असल्याशिवाय ठरवता येत नाही.

दुसरी घटना जुलै २०२५ मधली. रेप्लिट या कंपनीच्या एआय एजंटने जेसन लेमकिन या उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला. 'आता काहीही बदलू नकोस' अशी स्पष्ट सूचना दिलेली असताना हे घडलं. वर, जुना डेटा परत आणता येणार नाही, असंही एजंटने सांगितलं. प्रत्यक्षात तो परत आणता आला. रेप्लिटच्या प्रमुखांनी माफी मागितली आणि चाचणीचा व चालू डेटाबेस वेगळे ठेवण्यासारखे बदल केले. हे वेगळं ठेवणं क्लाउडमधला जुना, प्राथमिक नियम आहे.

तिसरी घटना २० ऑक्टोबर २०२५ ची. महाराष्ट्रात त्या दिवशी नरक चतुर्दशी होती. दुपारी सव्वाबाराच्या सुमारास अमेरिकेच्या व्हर्जिनियातल्या एडब्ल्यूएसच्या केंद्रात बिघाड झाला आणि स्नॅपचॅट, सिग्नलसह अनेक सेवा जगभर अडखळल्या. कारण होतं डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा. डायनॅमोडीबी या डेटाबेस सेवेचे पत्ते आपोआप बदलणाऱ्या ऑटोमेशनमध्ये दोन प्रक्रिया एकमेकींच्या आड आल्या आणि पत्त्याची नोंद रिकामी झाली. ऑटोमेशनला ती दुरुस्त करता आली नाही. इंजिनिअर्सना स्वतः हात घालावा लागला. हे ऑटोमेशन आजच्या अर्थाने एआय नव्हतं. पण यंत्रणा जितकी आपोआप चालते, तितकं ती बिघडल्यावर तिच्या आत काय चाललंय हे कळणाऱ्या माणसाचं मोल वाढतं, हे या घटनेतून दिसलं.

आकड्यांतही असाच संमिश्र निकाल दिसतो. गुगलच्या डोरा गटाच्या २०२४ च्या अहवालात, एआयचा वापर २५ टक्क्यांनी वाढला की सॉफ्टवेअर पोचवण्यातली स्थिरता सुमारे ७ टक्क्यांनी घटल्याचा अंदाज होता. मीटर या संशोधन संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रामरवर प्रयोग केला. एआय वापरताना त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला, पण आपण २० टक्के वेगाने काम केलं असं त्यांना वाटत होतं. हा अभ्यास लहान आहे आणि एआयची साधनं झपाट्याने सुधारतायत, त्यामुळे यावरून कायमचा निष्कर्ष काढता येत नाही. मात्र 'एआयमुळे काम किती वाचलं' हे नुसत्या अंदाजाने ठरवू नये, एवढं त्यातून नक्की कळतं.

कोणत्या कामावर किती परिणाम?

एल-वन सपोर्ट आणि मॉनिटरिंग: सर्वाधिक. ठरलेल्या पायऱ्या असलेलं काम आधी जातं. रात्रपाळीत स्क्रीनकडे बघत बसण्यासाठी दहा जण लागत असतील, तर पुढे दोन-तीन पुरतील.

ज्युनिअर डेव्हऑप्स: बराच. फाइल लिहिणं स्वस्त झालं. फाइल तपासणं, ती चालवली तर काय मोडेल हे ओळखणं, याला किंमत आहे.

एसआरई: कामाचा वेग बदलेल, गरज राहील. सेवा वर्षभर ९९.९ टक्के वेळ चालू ठेवायची तर वर्षाला पावणेनऊ तास बंद चालते. ९९.९९ टक्के म्हटलं की जेमतेम ५३ मिनिटं उरतात. या मिनिटांत निर्णय घेणारा आणि त्याचं उत्तर देणारा माणूस लागतो.

सुरक्षा: काम वाढतंय. एआयने लिहिलेला कोड तपासायचा, आणि एआय एजंटला कोणत्या परवानग्या द्यायच्या हेही ठरवायचं.

आर्किटेक्ट: आराखडा काढायला एआय मदत करतं. पण ग्राहक जे सांगतो आणि त्याला जे हवं असतं, यातलं अंतर बैठकीत बसूनच कळतं.

फिनऑप्स: मागणी वाढतेय, कारण एआयची बिलं मोठी असतात. एक साधा हिशोब करा. तासाला ३०० रुपये भाड्याचं एक मशीन शुक्रवारी संध्याकाळी ६ वाजता बंद करायचं राहिलं आणि सोमवारी सकाळी १० वाजता लक्षात आलं, तर ६४ तासांचे १९,२०० रुपये झाले. अशी आठ मशीन असतील तर दीड लाखाच्या वर.

खरी अडचण पहिल्या पायरीची

आता त्या एल-वनच्या यादीकडे परत येऊ. भारतीय आयटी सेवा कंपन्यांची रचना पिरॅमिडसारखी आहे. खाली भरपूर फ्रेशर्स, वर थोडे अनुभवी. फ्रेशर आधी तिकिटं सोडवतो, रात्रपाळी करतो, चार वेळा चुकतो, सिनिअर त्याला सावरतो. अशी दोन-तीन वर्षं गेली की त्याला 'अलर्ट डेटाबेसचा आहे, पण दुखणं नेटवर्कचं आहे' हे ओळखता येऊ लागतं. ही नजर त्या कंटाळवाण्या कामातूनच तयार होते.

ते काम एआयकडे गेलं, तर ही नजर कुठे तयार होणार? कंपन्यांना अनुभवी माणसं हवीत, पण अनुभव देणारी जागा कमी होतेय.

अमेरिकेत याची चिन्हं दिसू लागली आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी ऑगस्ट २०२५ मध्ये पगाराच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. एआयची सर्वाधिक झळ बसणाऱ्या व्यवसायांत २२ ते २५ वयोगटाच्या रोजगारात तुलनेने १३ टक्के घट दिसली. त्याच व्यवसायांतल्या अनुभवी लोकांचा रोजगार स्थिर होता किंवा वाढला होता.

भारतातलं चित्र थोडं वेगळं आहे. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२ हजार, म्हणजे २ टक्के कर्मचारी कमी करण्याचं जाहीर केलं. त्यात मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतले लोक होते. हे एआयमुळे नसून कौशल्यं आणि उपलब्ध काम यांचा मेळ बसत नसल्यामुळे आहे, असं कंपनीचे प्रमुख के. कृतिवासन यांनी सांगितलं. कारण काहीही माना, 'अनुभव आहे म्हणजे नोकरी सुरक्षित' हे गृहीत धरता येत नाही, हे पुण्या-मुंबईतल्या अनेक घरांना तेव्हा जाणवलं.

नवीन काम कुठून येतंय?

एआय हवेत चालत नाही. ते क्लाउडवरच चालतं. मॉडेलला प्रचंड ताकदीचे जीपीयू लागतात, डेटा स्वच्छ करून आणणाऱ्या पाइपलाइन लागतात, साठवण लागते, वेगवान नेटवर्क लागतं. हे सगळं उभारणं आणि चालवणं हे क्लाउडचंच काम आहे.

गुंतवणूकही त्याच दिशेने आहे. जानेवारी २०२५ मध्ये एडब्ल्यूएसने महाराष्ट्रात ८.३ अब्ज डॉलर गुंतवण्याची योजना जाहीर केली. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सुमारे १०,३७२ कोटी रुपयांच्या इंडियाएआय मिशनला मंजुरी दिली. योट्टा या कंपनीचं पनवेलजवळचं डेटा सेंटर जीपीयू क्लाउड पुरवतं. अर्थात, डेटा सेंटरची इमारत जितकी मोठी तितक्या नोकऱ्या तिच्या आत नसतात. ती चालवायला तुलनेने थोडी माणसं लागतात. जास्त नोकऱ्या ते क्लाउड वापरणाऱ्या बँका, रुग्णालयं, कारखाने आणि सॉफ्टवेअर कंपन्यांत असतात.

कायद्यामुळेही काम वाढतंय. पेमेंटचा डेटा भारतातच ठेवण्याचा रिझर्व्ह बँकेचा आदेश २०१८ चा आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. बँकेचा डेटा कोणत्या रीजनमध्ये आहे, तो एआय मॉडेलकडे जातोय का, कोणी पाहिला याची नोंद आहे का, या प्रश्नांवर सही करणारा जबाबदार माणूसच लागतो.

काय शिकायचं?

नुकतेच पास झाला असाल तर: आधी पाया. लिनक्स, नेटवर्किंग म्हणजे आयपी, सबनेट, डीएनएस, पोर्ट, आणि थोडं पायथन. मग कोणताही एक क्लाउड. तिन्ही एकदम शिकू नका. परवानग्यांची यंत्रणा, म्हणजे आयएएम, नीट समजून घ्या, कारण बहुतेक जण तीच घाईत उरकतात.

सराव असा करा. एआयकडून टेराफॉर्मची फाइल लिहून घ्या आणि चालवण्याआधी प्रत्येक ओळ का आहे ते स्वतःच्या शब्दांत वहीत लिहा. एखादं पोर्ट जगातल्या कुठल्याही पत्त्याला उघडं ठेवलंय का, परवानगीत 'सगळं चालेल' असं आलंय का, ते शोधा. मग मुद्दाम काहीतरी मोडा आणि एआयची मदत न घेता दुरुस्त करा. कंपनीतली रात्रपाळी जे शिकवायची, त्यातलं थोडं तरी असं घरी शिकता येतं. क्लाउडच्या खात्यावर पहिल्याच दिवशी बिलाची सूचना लावा आणि काम संपलं की सगळं पुसून टाका. पैसे खर्च करायचे नसतील तर मिनीक्यूब वापरून आपल्याच लॅपटॉपवर कुबरनेटिस शिकता येतं.

तीन ते आठ वर्षांचा अनुभव असेल तर: तुमच्या रोजच्या कामातलं काय एआय करू शकतं याची प्रामाणिक यादी करा. ते स्वतःच एआयकडे द्या आणि वाचलेला वेळ सुरक्षा, खर्च किंवा एआयसाठी लागणारं क्लाउड यांपैकी एका विषयाला द्या. ज्या उद्योगासाठी काम करता, मग तो बँकिंग असो वा वाहन उद्योग, त्याचे नियम समजून घ्या. हे ज्ञान पटकन कॉपी होत नाही.

टीम सांभाळत असाल तर: एआय एजंटला चालू यंत्रणेवर थेट लिहिण्याची परवानगी देऊ नका, मध्ये माणसाची मंजुरी ठेवा. आणि फ्रेशर घेणं थांबवू नका. एआयने सोडवलेलं तिकीट का सुटलं हे त्यांना समजावून सांगायला लावा. पाच वर्षांनी सिनिअर लागतील, ते आजच्या ज्युनिअरमधूनच येणार आहेत.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सर्टिफिकेटचा उपयोग होतो का?
बायोडेटा बाजूला न पडण्यापुरता होतो. केवळ पर्याय निवडायच्या परीक्षेपेक्षा प्रत्यक्ष काम करून दाखवायची परीक्षा जास्त उपयोगी. कुबरनेटिस ॲडमिनिस्ट्रेटरची परीक्षा अशीच असते. त्यात समोर खरी यंत्रणा देतात आणि दोन तासांत कामं पूर्ण करायची असतात.

'शंभर टक्के नोकरी'ची हमी देणाऱ्या क्लासला जावं का?
कोणताही क्लास नोकरीची हमी देऊ शकत नाही. फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: प्रत्यक्ष क्लाउड खात्यावर किती तास सराव होईल, बिघाड शोधायला शिकवतात का, आणि आधीच्या बॅचमधल्या कोणाशी स्वतः बोलता येईल का. उत्तरं टाळली तर निघून या.

कॉम्प्युटरची पदवी नसेल तर?
येता येतं, पण आता नुसता कोर्स पुरत नाही. आधीच्या क्षेत्राचा फायदा घ्या. अकाउंट्स येत असतील तर क्लाउडच्या बिलांचं काम, हॉस्पिटलमध्ये काम केलं असेल तर आरोग्याच्या डेटाचे नियम, असा दुवा शोधा.

मग क्लाउडमध्ये जावं की नाही?
यंत्रणा कशी चालते आणि का बिघडते यात रस असेल तर जरूर जावं. फक्त ठरलेल्या पायऱ्या पाठ करून नोकरी मिळेल या आशेवर मात्र आता जाऊ नये. त्या पायऱ्या एआयलाही पाठ आहेत. मुलाखतीत यापुढे 'हे कसं कराल' यापेक्षा 'एआयने हे असं केलंय, यात चूक कुठे आहे' हा प्रश्न जास्त वेळा येईल. त्याचं उत्तर देता येईल एवढी तयारी करा.